टायर ठरेपर्यंत

सिल्वासातल्या डोकमर्डीचे आमचे घरमालक कोणतीही वस्तू अंगठ्याने दाबून पाहिल्याशिवाय घेत नसत, आणि दाबून पाहिल्यावर तर मुळीच घेत नसत. वांगं दाबत, पाव दाबत, दुकानातली गादी दाबत. मी खोली बघायला गेले त्या दिवशी त्यांनी माझी रेक्झिनची बॅग दाबली आणि "माल हलका आहे" असा शेरा मारला. तरीही खोली मिळाली, ती त्यांच्या बायकोमुळे, काकूंमुळे. काकांचं म्हणणं होतं की अजून दोन भाडेकरू बघू, तुलना करू, मग ठरवू. काकूंनी तोवर माझी ट्रंक आत नेऊन ठेवली होती.

काका मूळचे मुंबईचे. जवळच्या गलोंड्यातल्या एका धाग्याच्या फॅक्टरीत ते पर्चेस ऑफिसर होते. त्या काळात करमाफीसाठी सिल्वासात शेडवर शेड उभ्या राहत होत्या आणि मुंबईत जे कुठेच खपले नसते असे पुष्कळ लोक इथे साहेब झाले होते. काका त्यातले अग्रगण्य. खरेदी करण्यासाठी त्यांना पगार मिळत होता आणि खरेदी न करणं हेच आपलं काम आहे अशी त्यांची ठाम समजूत होती. तीन सँपल आल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही, तिन्हींत खोट काढायची आणि पुन्हा तीन मागवायची. एकदा मशीनचा पट्टा तुटला तेव्हा अख्खं खातं बंद पडलं. बाहेर लिंबाखाली कामगार बसून होते. त्यातल्या एका धुळ्याकडच्या माणसाला मी सहज विचारलं, आज सुट्टी का हो? तो म्हणाला, "सुट्टी कशानी बाई, साहेब पट्टा निवडी ऱ्हायना." म्हणजे साहेब अजून पट्टा निवडतच होते. तो पट्टा शेवटी शेठनेच फोन करून मागवला. काका त्यानंतर महिनाभर सांगत होते की पट्टा घाईत घेतला गेला.

घाई हा त्यांच्या लेखी सगळ्यात मोठा गुन्हा होता. "निवडणं ही साधना आहे, बाई," असं ते मला सांगत. मी पेशाने शिक्षिका म्हणून मला बाई म्हणत आणि अहोजाहो करत. अशा साधनेपायी त्या घरात मिक्सर नव्हता, बैठकीत खुर्च्यांऐवजी फॅक्टरीतले लाकडी खोके होते, आणि मुलाच्या लग्नाचा बँड न ठरल्यामुळे वरात बँडशिवाय निघाली होती. तो मुलगा पुढे बडोद्याला नोकरीला गेला आणि दिवाळीलासुद्धा क्वचित यायचा. मी त्याला दोष देत नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे काकूंचा चष्मा. मी राहायला गेले त्याच्याही आधीपासून तो मोडलेला होता. एक काच तडकलेली, एक काडी दोऱ्याने बांधलेली. काका चष्म्याच्या दुकानातून फ्रेमा घरी आणत, काड्या वाकवून बघत, नाकावरची बोंडं दाबत आणि परत पाठवत. असं करता करता दोन फ्रेमा मोडल्या. तेव्हापासून दुकानदाराने घरी द्यायचं बंद केलं आणि काका त्याच्यावर रुसले. काकूंना वाचनाचं विलक्षण वेड. वाचनालयाचं पुस्तक त्या अजूनही बदलून आणायच्या, पण वाचता यायचं नाही. मग संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता मला म्हणायच्या, अगं, दोन पानं वाचून दाखव ना. मी वाचायचे. पुस्तक चांगलं असलं की त्यांची भाकरी करपायची. तेवढ्यासाठी तरी मला त्या माणसाचा राग यायचा, आणि तो राग मी आजही सांभाळून ठेवला आहे.

आता सायकलचं सांगते.

नव्वदीच्या सुरुवातीला जाड टायरांच्या, आडव्या हँडलच्या, गिअरवाल्या सायकली नुकत्याच दिसायला लागल्या होत्या. एका सप्लायरने दिवाळीला काकांना तसली एक भेट दिली. भेट दिलेली वस्तू नाकारता येत नाही, याचं काकांना फार वाईट वाटलं असावं. त्यांनी घरी आणल्या आणल्या तिचे दोन्ही टायर उतरवले. म्हणाले, हे कंपनी फिटिंग, शहरातल्या पोरांसाठी. ही सायकल डोंगराची आहे. मुंबईच्या फुटपाथवरून आणलेलं एक परदेशी मासिक त्यांच्याकडे होतं, त्यात लाल-पिवळे कपडे घातलेली माणसं कड्यावरून सायकलसकट उड्या मारत होती. त्याच मासिकातून 'ऑल माउंटन' हा शब्द त्यांनी उचलला. "ऑल माउंटन! चढ, उतार, दगड, ओढा. डोंगर कुठलाही असो, सायकल एकच. आणि सायकल म्हणजे काय? टायर. बाकी सगळी लोखंडी पाइप." एवढं बोलणाऱ्या माणसाला स्वतःला सायकल चालवता येत नव्हती. ते फॅक्टरीच्या जीपने जात-येत.

फॅक्टरीच्या लेटरहेडवर त्यांनी लुधियानापासून कुठल्या कुठल्या टायरवाल्यांना लिहिलं की आम्हांला मोठी खरेदी करायची आहे, सँपल पाठवा. धाग्याच्या फॅक्टरीला सायकलचे टायर कशाला, असा प्रश्न त्या बापड्यांना पडला नसावा. ट्रान्सपोर्टने टायर येऊ लागले. व्हरांड्यात दोरीवर आम्ही कपडे वाळत घालायचो तिथे टायर लटकले. मोठ्या बटणांचे म्हणजे जाड रबरी उंचवट्यांचे, बारीक बटणांचे, मधे सपाट नि कडेला बटणं असलेले, मऊ रबराचे, कडक रबराचे. काका रोज संध्याकाळी एकेकाला दाबत, वास घेत, कानाशी धरून वाकवत. "रबर बोलतं," म्हणत. घरात आणखी कोणी बोललेलं मात्र त्यांना ऐकू येत नसे. त्यांचं आवडतं वाक्य होतं, "पुढचा टायर विचार करतो, मागचा टायर काम करतो." हे ऐकलं की मी स्वयंपाकघराकडे बघायचे. तिथे मागचा टायर भांडी घासत असायचा.

मी या भानगडीत सापडले ती माझ्या नोकरीपायी. खानवेलच्या पुढे डोंगरात एका पाड्यावरच्या शाळेत माझी नेमणूक होती. एकशिक्षकी शाळा, मुलं वारली-कोकणा आदिवासींची. सिल्वासाहून खानवेलपर्यंत बस, तिथून वर कच्चा रस्ता. उन्हाळाभर त्या रस्त्याने जीप मिळायची. पावसाळा लागला की जीपवाले नाही म्हणत, मग चालायचं. चालत गेलं की प्रार्थनेची वेळ गाठता येत नसे. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती, आणि ती कायम होणं माझ्यासाठी जीव की प्राण होतं. कारण राजापूरकडे बाबांनी एक स्थळ धरून ठेवलं होतं. पोफळीची बाग, पहिली बायको गेलेली, घरात दोन मुलं. नोकरी सुटली की मुकाट्याने परत ये, असं माझ्याकडून कबूल करून घेऊनच त्यांनी मला इतक्या लांब पाठवलं होतं.

आषाढात एकदा तपासणीचे साहेब न सांगता आले आणि मी प्रार्थना संपल्यावर पोचले. साहेबांनी शेरा मारला. त्याच दिवशी मी ठरवलं की नाक्यावरून साधी काळी लेडीज सायकल घ्यायची. चढाला ढकलेन, सपाटीला चालवीन. पाड्यावरचे लोक तसंच करत. हे मी घरी बोलले आणि काकांचे डोळे चमकले.

"काळी सायकल दूधवाल्याची," ते म्हणाले. "तुमचा तो रस्ता ऑल माउंटन आहे, बाई. ही सायकल तुम्ही न्या. गिअर टाकलात की फुलासारखी वर चढेल. फक्त टायर ठरू दे."

फुकट मिळत होती, गिअरवाली होती, आणि मी चोवीस वर्षांची होते. मी हो म्हणाले. मग मला कळलं की आता मीही सँपलवाल्यांच्या रांगेत उभी आहे.

काकांना आधी रस्ता समजून घ्यायचा होता. समजून घ्यायचा म्हणजे तिथे जायचं असं तुम्हांला वाटेल. छे. त्यांनी मला सांगितलं की रस्त्यावरची माती आणून द्या, खालच्या वळणाची, ओढ्यापाशी आहे ती आणि शाळेपुढची, वेगवेगळी. मी डब्याच्या झाकणात चिखल भरून आणायचे. बसमधले लोक माझ्याकडे बघायचे. घरी काका तो जॅमच्या बाटल्यांत भरून खिडकीत ओळीने ठेवत. दोन दिवसांत चिखल वाळून त्याची ढेकळं होत. मी म्हटलं, काका, तिथे ही माती अशी नसते, लिबलिबीत असते, पाणी घाला तिच्यात. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी दुधात पाणी घालायला सांगितलं होतं. म्हणाले, सँपलमध्ये बाहेरचं काही घालायचं नसतं, ती भेसळ झाली. तीस वर्षं पर्चेसमध्ये काढली आहेत मी. मग ती ढेकळं परातीत पसरून, त्यांवर टायर फिरवून, ते बटणांच्या खुणा बघत बसत. ती परात काकूंची कणीक मळायची होती.

मी रोज चालत होते. पहाटे निघायचं, धापा टाकत वर पोचायचं, कधी वेळ गाठायची, कधी नाही. घरी यावं तर व्हरांड्यात बिनटायरची सायकल विटांवर उभी, नुसत्या रिमवर. मी विचारलं की काका म्हणत, पुढचा जवळजवळ ठरला आहे. दुसऱ्या दिवशी तो जवळजवळ ठरलेला पुढचा रिजेक्ट झालेला असायचा. एकदा मी चिडून म्हटलं की कुठलाही घाला हो. ते जेवता जेवता उठून गेले. काकू म्हणाल्या, तू मनाला लावून घेऊ नकोस, मला मागणी घालतानासुद्धा त्यांनी सहा महिने लावले होते. मी विचारलं, मग ठरलं कसं? काकू म्हणाल्या, माझ्या वडिलांनी ठरवलं.

शेवटी श्रावणात टायर ठरले. ठरले म्हणजे साहेब पुन्हा येणार अशी कुणकुण मला लागली आणि मी व्हरांड्यात अक्षरशः रडले. काकांना रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते कळत नसे, त्याचं सँपल त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी पुढे मोठ्या बटणांचा टायर घातला, मागे त्याहून थोड्या कमी बटणांचा. मग त्यांच्या डोक्यात आलं की शिक्षिकेच्या पाठीवर चिखलाची रेघ बरी दिसणार नाही. म्हणून त्यांनी पत्र्याची मडगार्ड बसवून घेतली, टायरला जेमतेम बोट जाईल इतकी जवळ. "एक थेंब उडणार नाही," म्हणाले. एवढं एकच भाकीत त्यांचं खरं ठरलं.

त्या सकाळी मी पंजाबी ड्रेस घालून, सायकल बसच्या टपावर टाकून खानवेलला उतरले. सुरुवातीला खरंच मजा वाटली. गिअर टाकला की चढ सोपा व्हायचा, घंटी सुरेख वाजायची, रस्त्यातली म्हातारी माणसं थांबून बघायची. मला काकांबद्दल क्षणभर आदरसुद्धा वाटला. मग ओढा ओलांडला आणि पुढची काळी चिकणमाती लागली. त्या मोठमोठ्या बटणांनी ती माती अशी पकडली की सुटेच ना. प्रत्येक फेरीला थर वाढत गेला, मडगार्डखाली ठासून बसला, आणि पुढचं चाक जागच्या जागी थांबलं. मी हँडलवरून पुढे गेले. उठले, काडीने माती उकरली, दहा पावलं गेले की पुन्हा जाम. मग केसांतला कंगवा वापरला, डब्यातला चमचा वापरला. चमचा वाकला. ढकलली तर चाक फिरत नव्हतं, ओढली तर नांगरासारखी रुतत होती. खाली टाकून द्यावी तर परक्याची वस्तू. शेवटी तो ऑल माउंटन धोंडा मी खांद्यावर घेतला आणि चढ चढू लागले. माझ्या मागून एक माणूस त्याच्या जुन्या काळ्या सायकलवरून घंटी वाजवत पुढे निघून गेला.

शाळेत पोचले तेव्हा साहेब माझ्या खुर्चीवर बसले होते. मुलांनी प्रार्थना आपली आपण म्हणून घेतली होती आणि ती ओळीत बसून पाढे म्हणत होती, इतक्या मोठ्याने की मला ते खालच्या वळणापर्यंत ऐकू यावेत. ते मला ऐकू आले होते. साहेबांनी माझ्या कपड्यांकडे पाहिलं, खांद्यावरच्या सायकलीकडे पाहिलं. हसले नाहीत, ओरडलेही नाहीत. शांतपणे म्हणाले, "मॅडम, ये दूसरी बार है। तीसरी बार मैं कुछ पूछूँगा नहीं। सीधा लिख दूँगा।" मी मान हलवली. माझ्या डोळ्यांसमोर पोफळीची बाग उभी राहिली.

संध्याकाळी घरी आले. काका व्हरांड्यातच होते. मी काही बोलायच्या आत ते चाकापाशी उकिडवे बसले, मडगार्डखाली बोट घातलं, माती काढली, दोन बोटांत चोळली. माझा गुडघा फुटलेला होता, सलवार फाटली होती, तिकडे त्यांनी पाहिलंही नाही. नोकरीचं काय झालं ते विचारलं नाही. मग मान वर करून म्हणाले, "माती कोणी आणून दिली होती? तुम्हीच ना? ही ती माती नव्हे. सँपल चुकीचं होतं, बाई. टायरचा दोष नाही."

तीस वर्षांत त्या माणसाच्या हातून चूक का झाली नाही हे मला त्या क्षणी समजलं. चूक नेहमी सँपल देणाऱ्याची असायची.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी हात पदराला पुसले, पायांत चपला घातल्या आणि मला म्हणाल्या, "चल ग." काकांनी विचारलं, आत्ता कुठे निघालीस, दूध तापायचं आहे. माझ्या दंडाला धरून, कारण संधिप्रकाशात काकूंना रस्ता नीट दिसत नसे, त्या मला नाक्यावरच्या सायकलच्या दुकानात घेऊन गेल्या. पगाराचे पैसे माझ्याकडे होतेच. दुकानदार गुजराती, मोठा अगत्यशील. त्याने एक काळी लेडीज सायकल पुढे काढली आणि म्हणाला, "टायर जोई लो बेन, बीजी कंपनीना पण छे." म्हणजे टायर बघून घ्या, दुसऱ्या कंपनीचेही होते.

काकू वाकल्या. त्यांना दिसत काय होतं देवाला ठाऊक. त्यांनी टायरवर तळवा ठेवला, सगळीकडून एकदा फिरवला आणि सरळ उभ्या राहिल्या.

"गोल आहेत ना?" त्या म्हणाल्या. "मग झालं."

पुढचं आधीच सांगून टाकते. साहेब तिसऱ्यांदा आले ते भर पावसात. मी त्यांच्या आधी पोचले होते आणि मुलांच्या ओळी लावत होते. त्या काळ्या सायकलच्या बारीक टायरांनाही चिखल लागायचा, पण थोडा आपटला की पडायचा. अवघड ठिकाणी मी उतरून ढकलायचे. दोन वर्षांनी मी कायम झाले, बाबांचं स्थळ कोणा दुसरीला गेलं, आणि त्याच सायकलीवर मी कितीतरी वर्षं त्या डोंगरात शिकवलं. टायर झिजले की नाक्यावर जायचं आणि समोर असेल तो घालून घ्यायचा. काका मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत की बाईंची नोकरी टिकली ती आम्ही त्यांना रस्त्याचा अभ्यास करायला लावला म्हणून. मी ते एकदाही खोडून काढलं नाही. तेवढा वेळ माझ्याकडे नव्हता.

पण त्या संध्याकाळी आम्ही लगेच घरी परतलो नाही. सायकल हातात धरून मी निघाले, तर काकू जागच्या हलेनात. समोरच्या बाजूला चष्म्याचं दुकान उघडं होतं. त्या म्हणाल्या, आलोच आहोत तर. आत जाऊन त्यांनी डोळे तपासून घेतले. दुकानदार काकांना ओळखून होता, त्याने भीतभीतच फ्रेमांचा ट्रे पुढे ठेवला. काकूंनी हाताला लागली ती पहिली फ्रेम उचलली. मी म्हटलं, आरशात तरी बघा. त्या म्हणाल्या, चष्म्याशिवाय आरशात काय दिसणार आहे मला?

चार-पाच दिवसांनी चष्मा तयार झाला. आम्ही दोघी आणायला गेलो. काकूंनी तो दुकानातच डोळ्यांवर चढवला आणि परत येताना सगळ्या पाट्या मोठ्याने वाचल्या. बिस्किटांची, बियांची, लग्नाच्या हॉलची, कुठल्याशा फॅक्टरीत कामगार पाहिजेत त्याची. मराठी वाचल्या, गुजराती वाचल्या, भिंतीवर कोणी खडूने लिहिलेलं अचकटविचकट तेही वाचलं. मी हसत होते आणि मला रडूही येत होतं.

व्हरांड्यात काका माझ्या नव्या सायकलीपाशी उकिडवे बसलेले होते. पुढच्या टायरवर अंगठा दाबून धरलेला. आमची चाहूल लागताच मान वर न करता म्हणाले, "हलका माल. सहा महिने टिकणार नाही. रिजेक्ट."

काकू पायरीवर थांबल्या. त्यांनी चष्मा नीट बसवला आणि नवऱ्याकडे बघत राहिल्या. त्यांचं डोकं, कानांमागचे पांढरे केस, मानेवरची सैल झालेली कातडी, सगळं सावकाश पाहून घेतलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला ते ऐकवेना.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्ही इतके म्हातारे कधी झालात?"

काकांनी मान वर केली. टायरवरचा अंगठा त्यांनी उचलला, हळूच स्वतःच्या गालाला लावला, आणि दाबून पाहिला.